कुत्र्यासाठी इलेक्ट्रॉनिक कुंपण निवडताना: आधी कुत्रा, मग जागा, शेवटी यंत्र

इलेक्ट्रॉनिक कुंपण घेणारे बहुतेक जण आधी खोक्यावरचे आकडे वाचतात. रेंज किती, झटक्याच्या पातळ्या किती, बॅटरी किती दिवस चालते. यंत्र घरी आलं की मग ते आपल्या आवारात कसं बसवायचं याचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा करा. आपला कुत्रा या पद्धतीला योग्य आहे का, हे पहिलं. जागेचं मोजमाप दुसरं. ही दोन उत्तरं हातात आली की कोणतं यंत्र घ्यायचं हे जवळपास आपोआप ठरतं.

कुत्रा योग्य आहे का?

या कुंपणात अडवणारं असं काहीच नसतं. गळपट्ट्यावरचा रिसीव्हर, म्हणजे सिग्नल पकडणारी डबी, सीमेजवळ आला की आधी बीप देतो, कुत्रा पुढे गेला तर कंपन किंवा स्थिर विजेसारखा झटका देतो. कुत्रा मागे वळतो तो बीपचा अर्थ शिकला असेल तरच. शिवाय हे कुंपण फक्त तुमच्याच कुत्र्यापुरतं असतं. बाहेरचा कुत्रा किंवा अनोळखी माणूस सरळ आत येऊ शकतो आणि तुमचा कुत्रा मात्र सीमेत अडकलेला असतो.

पुढच्या कुत्र्यांसाठी ही पद्धत वापरू नये:

- सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लं. बीप आणि जागा यांचा संबंध जोडण्याइतकी समज त्यांना अजून आलेली नसते.
- अंगावर धावून जाणारे किंवा मुळातच घाबरट कुत्रे. झटका बसला त्या क्षणी समोर जे दिसत होतं, त्याच्याशी कुत्रा ती वेदना जोडतो. समोर शेजारचं मूल असेल तर पुढच्या वेळी राग त्या मुलावर निघू शकतो.
- फिट येणारे, हृदयविकार असलेले, मानेला त्वचारोग झालेले कुत्रे आणि गाभण मादी.
- तीन-साडेतीन किलोपेक्षा हलके कुत्रे. बहुतेक रिसीव्हर त्यांच्या मानेला जड आणि मोठे होतात. प्रत्येक यंत्राची किमान वजनमर्यादा दिलेली असते, ती पाळा.

मांजर किंवा ससा दिसला की भान हरपून धावणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न वेगळा आहे. पाठलागाच्या भरात तो झटका सोसून पार जातो. पाठलाग संपल्यावर परत येताना मात्र त्याच झटक्याची आठवण त्याला अडवते आणि तो बाहेरच राहतो. अशा कुत्र्यासाठी जाळीचं किंवा भिंतीचं खरं कुंपणच हवं.

झटक्याबद्दलची मतभिन्नताही माहीत असू द्या. प्राणिवर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या ‘अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर’ या संस्थेने २०२१ च्या निवेदनात कुत्र्यांना फक्त बक्षिसावर आधारित पद्धतीनेच शिकवावं, अशी भूमिका घेतली आहे. वेल्समध्ये झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, आणि त्यात कुंपणाचे गळपट्टेही येतात. म्हणून खरेदीआधी आपल्याकडचा कायदा तपासा. यंत्र घ्यायचंच असेल तर झटका पूर्ण बंद ठेवून फक्त बीप आणि कंपनावर चालणारं घ्या. बऱ्याच शांत कुत्र्यांना तेवढं पुरतं. ऐकू न येणाऱ्या कुत्र्यासाठी तर कंपन लागतंच.

आमच्या मते या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग खऱ्या कुंपणाच्या जोडीला होतो. जाळीखाली उकरणारा किंवा भिंतीवरून उडी मारणारा कुत्रा असेल, तर कुंपणाच्या आतून एक तार फिरवली की तो कुंपणाजवळच जात नाही, आणि बाहेरचं आतही येत नाही.

जागा मोजा, कागदावर काढा

मोजपट्टी घेऊन आवाराची लांबी-रुंदी मोजा आणि साधा नकाशा काढा. त्यात घर, फाटक, गाडीचा रस्ता, झाडं, विहीर किंवा पाण्याची टाकी, जमिनीखालून जाणाऱ्या विजेच्या आणि पाण्याच्या लाइनी, लोखंडी पत्र्याची शेड हे सगळं दाखवा. चढ-उतार असेल तर तोही नोंदवा.

मग कुत्र्याला प्रत्यक्षात किती जागा उरते ते काढा. हा हिशेब खरेदीआधी क्वचितच होतो. समजा आवार ३० × ४० मीटर आहे. तार हद्दीपासून १ मीटर आत टाकली आणि तारेपासून २ मीटरवर बीप सुरू होईल असं ठेवलं, तर प्रत्येक बाजूला ३ मीटर जागा गेली. कुत्र्याला मोकळी जागा उरली २४ × ३४, म्हणजे १,२०० पैकी ८१६ चौरस मीटर. एक तृतीयांश आवार सीमेनेच खाल्लं, आणि घर अजून यातून वजा व्हायचं आहे. १० मीटर रुंदीच्या पट्ट्यात हाच हिशेब केला तर मधे फक्त ४ मीटर उरतात. तिथे कुत्रा सतत बीपच्या आसपास राहतो आणि काही दिवसांत अंगणात पाऊल टाकायलाच नकार देतो.

तीन पद्धती आणि त्यांची गणितं

*जमिनीतल्या तारेची.* घरातल्या ट्रान्समीटरपासून, म्हणजे सिग्नल सोडणाऱ्या यंत्रापासून, निघालेली तार पूर्ण फेरा मारून पुन्हा ट्रान्समीटरला येते. तारेजवळ गेल्यावर गळपट्ट्याला सिग्नल मिळतो आणि तो इशारा देतो. सीमा हव्या त्या आकाराची आखता येते आणि एका जागी पक्की राहते, चढ-उतारानेही ती हलत नाही. फुलझाडांचा वाफा किंवा टाकी वगळायची असेल तर तीही वगळता येते. तार तुटली तर गळपट्टा गप्प बसतो, म्हणजे बिघाडात कुत्र्याला उगाच झटका बसत नाही. मेहनत मात्र सगळ्यात जास्त.

*वायरलेस.* इथे कारभार उलटा आहे. घरातला ट्रान्समीटर आपल्याभोवती वर्तुळात सिग्नल पसरतो, आणि कुत्रा त्या वर्तुळाबाहेर गेला, सिग्नल तुटला, की गळपट्टा इशारा देतो. खणायचं काही नाही, अर्ध्या तासात चालू. पण आवार वर्तुळाकार नसतं. २० × ५० मीटरच्या लांबट जागेत जास्तीत जास्त १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ बसतं, म्हणजे ३१४ चौरस मीटर. हजारातले जवळपास सातशे चौरस मीटर वाया जातात. पत्र्याचं छप्पर, लोखंडी शेड, दारात उभी गाडी, जमिनीचा उतार यांमुळे सीमा मीटर-दोन मीटर मागेपुढे सरकते. काल चालत होतं त्याच जागी आज बीप वाजली की कुत्रा गोंधळतो. वीज गेली की सिग्नलच जातो, तेव्हा गळपट्टा काय करतो हे खरेदीआधी माहितीपत्रकात वाचा. वीज गेल्यावर गळपट्टा स्वतःहून शांत होत नसेल तर ते यंत्र घेऊ नका. चौकोनी, सपाट, मोकळी जागा असेल किंवा भाड्याचं घर असेल तर ही पद्धत ठीक.

*जीपीएस.* सीमा फोनवर आखायची, बाकी सगळं गळपट्ट्यात. मोठ्या शेतासारख्या उघड्या जागेत हे उत्तम चालतं. मोकळ्या आकाशाखाली जागेचा अंदाज साधारण ३ ते ५ मीटरने चुकतो, दाट झाडांखाली आणि उंच भिंतीजवळ त्याहून जास्त. म्हणून सीमा आणि रस्ता यांच्यात किमान १० मीटर अंतर ठेवता येत असेल तरच याचा विचार करा. रिसीव्हर जड असतात, बॅटरी बहुधा रोज किंवा दिवसाआड चार्ज करावी लागते, आणि काहींना मोबाइल नेटवर्क व मासिक वर्गणी लागते. घराभोवतीच्या छोट्या अंगणाला हे यंत्र अजिबात योग्य नाही.

घरात एखादी खोली किंवा सोफा वर्ज्य करायचा असेल तर छोटे डबीएवढे ट्रान्समीटर मिळतात. पण त्या कामाला दाराला लावायचं लहान फाटक पुरेसं असतं.

लहान-मध्यम आणि वाकड्यातिकड्या आवाराला आम्ही तारेचीच पद्धत सुचवतो. पुढचा भाग मुख्यतः तिच्यासाठी आहे.

तार किती, कोणती आणि बाकी काय

किटमध्ये बहुधा ०.८ मिलिमीटर जाडीची तार येते. ती चालते, पण कुदळीचा निसटता घाव किंवा मुळांचा ताण तिला सोसत नाही. १ मिलिमीटरची अखंड तांब्याची, जमिनीत गाडण्यासाठी बनवलेल्या पॉलिइथिलिन आवरणाची तार घ्या. दगडाळ जमिनीत १.३ मिलिमीटरची. घरातल्या वायरिंगची साधी पीव्हीसी तार उरली म्हणून ती वापरू नका. ओल्या मातीत तिचं आवरण लवकर खराब होतं.

वरच्या ३० × ४० च्या आवारात तार १ मीटर आत, म्हणून फेरा २८ × ३८ चा, म्हणजे १३२ मीटर. ट्रान्समीटरपासून सीमेपर्यंत १२ मीटर असेल तर तिथे दोन तारा एकमेकींना पिळून न्यायच्या. पिळल्यावर दोन्ही तारांचे सिग्नल एकमेकांना मारतात आणि कुत्रा त्यावरून बिनधास्त जाऊ शकतो. या भागाला २४ मीटर आणि पिळण्यात जाणारी १५ टक्के, म्हणजे २८ मीटर. एकूण १६० झाली. वर १० टक्के धरा, १७६. म्हणून १८० ते २०० मीटर घ्या. पीळ दर ३० सेंटिमीटरला किमान दहा हवेत. दोन तारांची एक टोकं खांबाला बांधा, दुसरी ड्रिल मशीनच्या चकमध्ये अडकवा आणि हळू गतीने फिरवा.

याशिवाय लागतं ते असं: जेल भरलेले जलरोधक जोड, सीमेवर दर २-३ मीटरला एक याप्रमाणे छोट्या झेंड्या, वीजवाहिनी आणि सीमेची तार दोन्हींना विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण देणारा सर्ज प्रोटेक्टर, मल्टिमीटर आणि गळपट्टा तपासायचा छोटा दिवा. ट्रान्समीटर निवडताना तार तुटल्याचा भोंगा आणि बीप तारेपासून किती अंतरावर सुरू व्हावी ते बदलायची खुंटी आहे ना ते बघा. शेजारीही असंच कुंपण असेल तर त्यांच्या यंत्राची फ्रीक्वेन्सी विचारून वेगळी घ्या.

गळपट्ट्याच्या बाबतीत चार गोष्टी पुरेशा: पाण्यात बुडाला तरी चालणारा, झटका आणि बीप वेगवेगळे बंद करता येणारा, बॅटरी संपत आल्याचं दाखवणारा, आणि ठरावीक सेकंदांनी झटका आपोआप थांबवणारा. पातळ्या पाच असोत की पंधरा, त्याने काही अडत नाही. सगळ्यात खालची पातळी खरोखर सौम्य आहे का, हे महत्त्वाचं.

तार टाकणं

१. ट्रान्समीटर घरात, कोरड्या जागी, विजेच्या मुख्य बोर्डापासून आणि मोठ्या धातूच्या वस्तूंपासून किमान १ मीटर दूर लावा.

२. तार आधी जमिनीवर नुसती पसरा. कोपरे काटकोनात घेऊ नका, साधारण १ मीटरच्या गोलाईने वळवा. तीव्र कोपऱ्यात सिग्नल कमजोर पडून फट राहते.

३. शेजारून परत येणाऱ्या तारेत किमान दीड ते दोन मीटर अंतर ठेवा. घराची फक्त एक बाजू अडवायची असेल तर तार जाऊन त्याच बाजूने परत येते, आणि लोक दोन्ही तारा एकाच चरात टाकतात. सिग्नल एकमेकांना मारतात आणि गळपट्ट्याला काहीच कळत नाही.

४. विजेच्या, टेलिफोनच्या किंवा टीव्हीच्या केबलला समांतर जाऊ नका, किमान ३ मीटर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. समांतर गेल्यास सिग्नल त्या केबलवर चढतो आणि तिच्यासोबत घरात शिरतो. मग कुत्रा टीव्हीजवळच्या भिंतीला टेकून झोपलेला असताना त्याला झटका बसतो, आणि घरच्यांना कारणच सापडत नाही.

५. गाडण्याआधी चाचणी करा. तपासणीचा दिवा गळपट्ट्याच्या धातूच्या टोकांना जोडा आणि गळपट्टा कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरून तारेकडे चालत जा. बीप कुठे सुरू होते तिथे खूण करा. फेरा जिथे जिथे वळतो तिथे हे करा, पिळलेल्या भागावरून चाला, आणि घरातल्या प्रत्येक भिंतीजवळूनही गळपट्टा फिरवा.

६. ट्रान्समीटरपासून तारेची टोकं सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. ०.८ मिलिमीटरच्या तारेला १०० मीटरला साधारण ३.३ ओहम, १ मिलिमीटरच्या तारेला सुमारे २.१ ओहम यायला हवा. आकडा दुप्पट आला तर एखादा जोड कच्चा आहे. हा आकडा लिहून ठेवा.

७. आता ३ ते ७ सेंटिमीटर खोल चीर पाडून तार आत बसवा. दाबायला बोथट लाकडी पट्टी वापरा, खुरप्याचं टोक नको. तार ताणू नका, थोडी सैल राहू द्या. सिमेंटचा रस्ता आडवा आला तर त्यातला सांधा वापरा, किंवा ग्राइंडरने ३ मिलिमीटर रुंद, २ सेंटिमीटर खोल खाच पाडून वरून सीलंट भरा. खडीच्या वाटेखालून तार पाइपमधून न्या.

गळपट्टा मानेवर

गळपट्टा मानेच्या वरच्या भागात, कानांच्या मागे घाला आणि रिसीव्हर हनुवटीखाली येऊ द्या. कुत्रा उभा असताना धातूचं टोक आणि कातडी यांच्यात एक बोट जेमतेम जावं. सैल गळपट्ट्यात टोकं केसांवर तरंगतात, झटका कधी लागतो कधी नाही, आणि मालक पातळी वाढवत बसतो. दाट केसांसाठी लांब टोकं मिळतात, ती लावा. मानेचे केस तासून काढू नका.

मानेवर पडणाऱ्या जखमा अनेकांना भाजल्याच्या वाटतात. बहुतेक वेळा त्या टोकांच्या सततच्या दाबाने पडतात: एकाच जागी रक्त पोहोचत नाही आणि कातडी मरते. दिवसात १२ तासांहून जास्त गळपट्टा ठेवू नका, दर एक-दोन तासांनी थोडा सरकवा, रात्री काढून ठेवा, रोज केस बाजूला करून बघा, आठवड्यातून एकदा मान आणि टोकं ओल्या फडक्याने पुसा. लाली दिसली तर पूर्ण बरी होईपर्यंत गळपट्टा बंद. या गळपट्ट्याला साखळी कधीच अडकवू नका, ओढ बसली की टोकं कातडीत रुततात. नाव-फोन लिहिलेला बिल्ला वेगळ्या, साध्या पट्ट्यावर असू द्या.

प्रशिक्षण

किमान दोन आठवडे धरा, रोज दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी १० ते १५ मिनिटं. तोवर कुत्रा आवारात मोकळा सोडायचा नाही.

पहिले चार-पाच दिवस फक्त बीप. झटका बंद करा, टोकांवर टेपही गुंडाळा. ३ मीटरची दोरी साध्या पट्ट्याला लावून कुत्र्यासोबत झेंड्यांकडे चाला. बीप वाजली की आनंदी आवाजात बोलवत लगेच आत वळा, दोन पावलं मागे आला की खाऊ द्या. दोरी हलकेच वळवायला आहे, खेचायला नाही. फाटकाजवळ, घरामागे, झाडाखाली, वेगवेगळ्या ठिकाणी हेच करा. बीप ऐकताच कुत्रा स्वतःहून वळून तुमच्याकडे बघायला लागला की पहिली पायरी झाली.

पुढे कंपन. त्यावर काम होत असेल तर तिथेच थांबा. झटका वापरायचाच असेल तर सगळ्यात खालच्या पातळीपासून. कान हलला, मान वळली, कुत्रा थबकला, एवढं पुरेसं आहे. तो केकाटला किंवा शेपटी पोटाखाली घालून घराकडे पळाला, तर पातळी जास्त आहे. कमी करा आणि दोन दिवस फक्त बीपवर परत या. काहीच परिणाम दिसला नाही तर पातळी वाढवण्याआधी टोकं कातडीला लागतात का ते तपासा. प्रत्येक सरावाचा शेवट आवाराच्या मध्यभागी खेळाने करा, नाहीतर अंगण म्हणजे धोका असा अर्थ कुत्रा लावतो.

दुसऱ्या आठवड्यात आमिषं आणा: घरातला कोणी सीमेबाहेर चालतोय, चेंडू बाहेर घरंगळलाय. पण बाहेरून कुत्र्याला हाक कधीच मारू नका. हाकेला आल्याची शिक्षा त्याला मिळते आणि पुढे तो हाकेलाच येत नाही. मग १० मीटरची लांब दोरी मोकळी सोडून नजर ठेवा. सगळं नीट चाललं की दर तीन-चार दिवसांनी एकाआड एक झेंडी काढा.

फिरायला नेताना गळपट्टा घरातच काढून ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे कुत्र्याला उचलून किंवा गाडीतून सीमेपार न्या. मोठ्या कुत्र्याला रोज एकाच जागेवरून, एकाच शब्दावर, साध्या साखळीने.

बिघाड झाला तर

ट्रान्समीटरचा भोंगा वाजतोय आणि त्यावरचा दिवा बंद आहे, म्हणजे फेरा कुठेतरी तुटला. सीमेची तार सोडवून ट्रान्समीटरला तारेचा छोटा तुकडा जोडा. भोंगा थांबला तर ट्रान्समीटर ठीक आहे, दोष तारेत आहे. सगळ्यात आधी जोड तपासा, तार बहुधा तिथेच तुटते. नंतर अलीकडे खणलेल्या जागा आणि रस्ता ओलांडतानाची खाच. तरीही सापडलं नाही तर सीमेच्या अर्ध्यावर तार उकरून कापा आणि जमिनीवरून टाकलेल्या जादा तारेने एकेक अर्धा भाग ट्रान्समीटरला जोडून बघा. ज्या अर्ध्यात भोंगा वाजतो त्याचे पुन्हा दोन भाग. तीन-चार वेळा असं केलं की तुटकी जागा काही मीटरवर येते. शोधासाठी कापलेल्या प्रत्येक जागी जलरोधक जोड टाका.

ट्रान्समीटर ठीक, भोंगाही नाही, पण गळपट्टा गप्प: बॅटरी, टोकांवरचा मळ किंवा सैल झालेला स्क्रू. बीप नेहमीपेक्षा उशिरा वाजते: जोडात पाणी शिरलं असेल, लिहून ठेवलेल्या रोधाशी तुलना करा. भलत्याच जागी बीप: जवळून नवी केबल गेली आहे का ते पाहा.

वादळ येताना कुत्र्याला आत घ्या आणि मगच ट्रान्समीटर वीज आणि तार दोन्हींपासून सोडवा. ट्रान्समीटरला बॅकअप बॅटरी नसेल तर वीज गेल्यावरही कुत्रा आतच. आठवड्यातून एकदा गळपट्टा हातात धरून दोन-तीन ठिकाणी बीप तपासा. काही कुत्रे बॅटरी संपल्याचं माणसांच्या आधी ओळखतात.

तार आणि सगळे जोड कुठे आहेत याचा नकाशा, घराच्या कोपऱ्यांपासूनच्या अंतरांसह, ट्रान्समीटरशेजारी भिंतीला चिकटवा. झाड लावायला किंवा नळाची लाइन टाकायला येणाऱ्याला खड्डा घेण्याआधी तो दाखवा.